'आज रात्री काय करायचं?' : नोकरीवाल्या घरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ नाही. डोंबिवलीत राहते, नोकरी मुंबईत, घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. दार उघडून आत येते तेव्हा पावणेआठ झालेले असतात आणि साडेआठला पानं घ्यायची असतात. ऑफिसातल्या मैत्रिणी, शेजारणी, नुकतं लग्न झालेला भाचा, सगळे फिरून फिरून या पाऊण तासाबद्दलच विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आठवड्याचा बेत आधीच ठरवून ठेवणं म्हणजे उगाच कटकट नाही का?

कटकट रोज ठरवण्यात आहे. गाडीत लटकत उभं असताना डोक्यात 'आज काय करू' फिरत असतं, आणि घरी पोचेपर्यंत उत्तर ठरलेलं असतं: बटाटा. रविवारी सकाळच्या चहाबरोबर दहा मिनिटं काढली की आठवडाभर हा प्रश्न पडत नाही.

माझ्या फ्रिजवर एक चिठ्ठी असते. तिच्यावर वार आणि वारासमोर एकच शब्द. मटकी. पिठलं. अंडी. मूग. पूर्ण मेनू मी लिहीत नाही. लिहून पाहिला होता, दोन आठवडे टिकला. तिसऱ्या मंगळवारी गवार मिळाली नाही आणि सगळं गडगडलं.

चिठ्ठीवर नेमकं तेवढंच का लिहायचं? भाजी का नाही?

कारण आठ वाजता भाजी मिळते, भिजलेली मटकी मिळत नाही. स्टेशनबाहेर भाजीवाला बसलेला असतो, पोळी किंवा भात घरात असतोच. ऐन वेळी उभं करता येत नाही ते डाळ-कडधान्य. म्हणून ते आधी ठरवायचं आणि भाजी त्याच्या मागून येऊ द्यायची. आपल्याकडे उलटं होतं. 'भाजी कोणती?' एवढंच विचारलं जातं, आणि बटाट्याची काचऱ्या-भाजी, पोळी, लोणचं असं ताट होतं. पोट भरतं, पण त्यात प्रथिनं पोळीतली तेवढीच.

'संतुलित' म्हणजे किती? रोज वजनकाटा घेऊन बसायचं का?

एकदा बसा, म्हणजे नंतर बसावं लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहार-मार्गदर्शिका काढली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तिने कच्च्या मालाची जी मापं दिली आहेत ती ढोबळमानाने अशी: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलि, फळं १०० ग्रॅम, आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅमच्या आसपास. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत.

धान्य आणि डाळ यांचं प्रमाण पाहा, साधारण तीनास एक. आता आपल्या ताटाकडे पाहा. चार पोळ्या, वर भात, आणि वाटीभर वरण म्हणजे पिवळं पाणी. खरी गोम तिथे आहे.

माझा हिशेब सांगते. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात (किलोमागे ०.८३ ग्रॅम). त्यातला तिसरा हिस्सा रात्री मिळायला हवा, म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम. दोन पोळ्यांतून सहा-सात ग्रॅम येतात. माणशी २५ ग्रॅम डाळीचं वरण घेतलं तर आणखी सहा. दही छोटी वाटी, ३ ग्रॅम. झाले सोळा. म्हणजे साध्या वरण-पोळी-दह्याच्या जेवणात गणित बसतं. फक्त डाळ खरोखर २५ ग्रॅम हवी. चार माणसांना १०० ग्रॅम. घरातल्या वाटीने हे किती होतं ते एकदा मोजून डब्यात त्या मापाची वाटी टाकून ठेवा. मी मोजलं तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी पाच माणसांत निम्मीच डाळ घालत होते.

डाळ-भातच का? नुसती पोळी जास्त खाल्ली तर?

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं, डाळींत ते भरपूर. डाळींत मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्यात असतं. वरण-भात, उसळ-भाकरी, खिचडी, थालीपिठाची भाजणी या सगळ्या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. आज्यांना अमिनो आम्लं माहीत नव्हती, पण जोडी मात्र कधी चुकली नाही.

एखाद्या आठवड्याचा नमुना सांगा ना.

माझा सांगते, त्यामागचं कारणही सांगते. नुसता मेनू उतरवून घेतलात तर तुमच्या घरी तो चालेलच असं नाही.

भाजीबाजार शनिवारी-रविवारी होतो, म्हणून पालेभाज्या सोमवारी आणि मंगळवारी संपवायच्या. सोमवारी ताकातला पालक: भिजवलेली हरभरा डाळ आणि दाणे घालून, बेसन लावून. त्यात डाळही येते आणि भाजीही, वेगळं वरण लागत नाही. सोबत भात आणि पोळी. मंगळवारी मेथीची परतून भाजी आणि तुरीचं घट्ट वरण. बुधवारी मटकीची उसळ आणि भाकरी, कारण रविवारी भिजवलेल्या मटकीला मंगळवारपर्यंत छान मोड आलेले असतात. गुरुवारी पिठलं-भाकरी, कच्चा कांदा आणि कोशिंबीर. त्या दिवशी माझी मीटिंग लांबते, आणि पिठलं पंधरा मिनिटांत होतं. शुक्रवारी अंगात जीव नसतो. मुगाची खिचडी, ताकाची कढी, भाजलेला पापड. खिचडीत लाल भोपळा नाहीतर गाजर-मटार ढकलायचे. दुधी, भोपळा, कोबी टिकतात, म्हणून त्या आठवड्याच्या शेपटीला.

बुधवारी उसळ नको असेल तर अंडाकरी. शनिवारी काय होईल ते होईल.

पावणेआठ ते साडेआठ नेमकं काय करता?

पर्स खुंटीला, हात धुतले की आधी कुकर. कुकरात खाली पाणी, खालच्या डब्यात डाळ (हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून), मधल्यात तांदूळ, वरच्या डब्यात बटाटा, बीट नाहीतर भोपळ्याच्या फोडी. तांदूळ आणि डाळ सकाळी निघताना भिजवून फ्रिजमध्ये ठेवलेले असले तर दोन-तीन शिट्यांत काम होतं. कुकरची वाफ दाबाखाली १२० अंशांपर्यंत जाते, म्हणून ही घाई शक्य होते. शिटी होईपर्यंत पालेभाजी चिरून कढईत. लसूण सोललेली असते (कशी, ते पुढे सांगते).

दुसऱ्या शेगडीवर भाजी वाफेवर ठेवून कणीक मळायला घेते. मुलगा काकडी कोचवतो. त्याला ते काम आवडतं, कारण त्याला वाटतं सुरी हातात देणं म्हणजे मोठं होणं. कुकरचा दाब आपोआप पडू द्यायचा. घाईत शिटी उचलून वाफ काढली की डाळीचं पाणी भिंतीवर. हे मी अनुभवाने सांगते, ओट्यामागच्या टाइल्स साक्षीदार आहेत.

वरण घोटलं, तुपाची फोडणी दिली, पोळ्या लाटत लाटत एकेकाला पानावर बसवलं. साडेआठ वाजलेच असं नाही, पावणेनऊही होतात.

कडधान्य भिजवायला विसरलो तर?

मसूर आहे ना. सबंध मसूरसुद्धा न भिजवता कुकरात शिजते, मसूरडाळ तर वीस मिनिटांत. मुगाची डाळही तशीच. बेसन असेल तर पिठलं, तांदळाचं पीठ आणि बेसन असेल तर धिरडी. धिरड्यांत किसलेला दुधी, कोथिंबीर, ओवा घाला, बरोबर दही. भाजणी डब्यात असेल तर थालीपीठ. अगदीच काही नाही तर मऊ भात, मेतकूट, तूप आणि वाटीभर दही. हे आजारपणाचं जेवण समजतात. मला ते आठवड्यातून एकदा आजारी नसतानाही चालतं.

चवळी आणि हिरवे मूग कढत पाण्यात तासभर झाकून ठेवले तरी भागतं. छोले आणि राजमा यांच्या वाटेला मात्र आयत्या वेळी जाऊ नका. राजम्यात कच्चेपणी एक विषारी प्रथिन असतं, पोट बिघडवतं. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरात पुरता मऊ होईपर्यंत शिजवलेला राजमाच खावा. कचकच लागतोय तर तो पोळीबरोबर चघळू नका, परत कुकरात घाला.

मोड कसे आणायचे? आमच्याकडे वास येतो.

आठ-दहा तास भिजवायचं, उपसायचं, सुती कापडात सैल बांधून चाळणीत ठेवायचं. वास येतो तो दोन कारणांनी: पाणी पूर्ण निथळलं नाही, किंवा उन्हाळा आहे. एका मे महिन्यात मी मटकी बांधून ओट्यावर ठेवली आणि ऑफिसला गेले. रात्री पुरचुंडी उघडली तर बुळबुळीत तारा सुटलेल्या. पाव किलो मटकी, सगळी कचऱ्यात. आता एप्रिल-मेमध्ये मटकीला मोड डोकावले की लगेच फ्रिजमध्ये. थंडीत मात्र पुरचुंडी कणकेच्या डब्यावर उबेला ठेवते. मोड आल्यावर मटकी वजनात दुप्पट-अडीचपट होते, म्हणून पाच जणांना कोरडी दीडशे ग्रॅम पुरते. मोड आलेलं कडधान्य लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना कच्चं देऊ नये, वाफवून द्यावं.

रविवारीच सगळा स्वयंपाक करून ठेवला तर?

सगळा नको. तीन दिवसांची भाजी फ्रिजमधून काढून खाताना जेवण नाही, उरकणं होतं. पण काही कामं रविवारचीच:

लसूण सोलणं. दाण्याचं कूट. कांदा-खोबऱ्याचं वाटण, अर्धं फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांसाठी, अर्धं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून. एक कोरडी चटणी: जवस, कारळं किंवा तीळ. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ मिळतं, शाकाहारी घरात त्याचे मार्ग थोडेच. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती पिशवीत.

कांदा चिरून ठेवू नका. फ्रिजला वास, दह्याला वास, कांद्याला चव नाही.

लसूण आमच्याकडे सासूबाई सोलतात, दुपारी टीव्हीपुढे बसून. पहिल्या वेळी मी संकोचाने "आई, राहू दे हो" म्हटलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला बसल्याजागी काहीतरी काम दे, नाहीतर मला म्हातारी करून टाकशील." तेव्हापासून लसूण त्यांची.

पोळ्या विकत आणल्या तर चालेल का? अपराधी वाटतं.

चालेल. डोंबिवली, ठाणे, पुणे, जिथे जाल तिथे पोळी-भाजी केंद्रं आहेत, ती उगाच नाहीत. पोळ्या आणा आणि वाचलेली वीस मिनिटं वरण नीट करण्यात घाला. भाजी मात्र शक्यतो घरची. विकतच्या भाजीत तेल आणि मीठ किती, हे आपल्या हातात राहत नाही.

भाकरी रोज करावी का?

करता येत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा. ज्वारीत ग्लूटेन नाही, तंतू भरपूर. बाजरी थंडीत तिळाबरोबर. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून गाजलं आणि तेव्हापासून नाचणीची बिस्किटं महागली, पण भाकरी तिथेच आहे. भाकरी तुटते ती बहुतेकदा पिठामुळे: जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते. पंधरा दिवस पुरेल इतकंच दळून आणा, बाजरीचं तर त्याहून कमी, कारण ते लवकर कडवट होतं. पीठ विरी गेलेलं असेल तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, थापता येते.

मुलं भाजी खात नाहीत.

आमचीही खात नव्हती. सगळ्या भाज्यांचं सांगत नाही, पण दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, फोडणीत तिखट घालण्याआधी त्यांचा वाटा बाजूला काढणं. दुसरी, कच्चं आधी देणं. स्वयंपाक चालू असताना मुलं भुकेने ओट्याभोवती घुटमळतात, तेव्हा गाजर-काकडी-मुळ्याच्या फोडी आणि दाणे ताटलीत ठेवले की जेवणाआधीच संपतात. मी मुद्दाम 'खा' म्हणत नाही.

भाज्या वाटून पराठ्यात लपवण्याच्या मी विरोधात आहे. मुलाला कधीतरी दोडका दोडका म्हणूनच भेटायला हवा.

सासूबाईंना मधुमेह आहे. वेगळा स्वयंपाक करायचा का?

वेगळा नाही, वेगळं वाढणं. त्याच ताटात भात निम्मा, उसळ दुप्पट, कोशिंबीर आधी. आमच्याकडे पहिलं पान त्यांचं, आमच्यासाठी थांबत नाहीत. झोपायच्या आधी दोन-तीन तास मिळतात. इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर जेवण कमी करण्याआधी किंवा वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच आणि जेवण कमी झालं तर साखर खाली जाऊ शकते.

आम्ही मांसाहारी आहोत. आठवड्यात काय झटपट होतं?

अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, आणि उकडायला दहा मिनिटं. बांगडा साफ करून आणलेला असेल तर हळद, मीठ, तिखट, आगळ लावून तव्यावर टाका. डाळ शिजेपर्यंत तळून होतो. सुकट धुऊन, निथळून, कांदा-कोकमात परतली की भाकरीबरोबर पुरते. तिच्यात मीठ असतंच, वरून चव पाहून घाला. चिकन रविवारी दही-आलं-लसूण लावून जेवणापुरतं वेगवेगळ्या डब्यांत गोठवा. आदल्या रात्री डबा फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात. ओट्यावर दिवसभर वितळायला ठेवू नका.

उपवासाच्या दिवशी?

साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता पिष्टमय पदार्थ, प्रथिनं नावाला. खिचडीत कूट सढळ हाताने घाला आणि सोबत दही घ्या. त्याहून बरं म्हणजे वरीचा भात आणि दाण्याची आमटी, शेजारी काकडीची कोशिंबीर. घरात एकाचाच उपवास असेल तर बाकीच्यांना सकाळची उसळ. दोन पूर्ण स्वयंपाक करण्याची हौस मला नाही.

लोह कमी आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. रात्रीच्या जेवणात काय बदलू?

गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या आधी, जेवण त्यांच्या जोडीला. पालेभाजी आणि उसळीवर लिंबू पिळा. 'क' जीवनसत्त्वाने लोह अंगी लागायला मदत होते. चहा जेवणाला लागून नको, तो लोह अडवतो. आणि बिडाची किंवा लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. चिंच-टोमॅटोच्या आंबट भाजीत तिचं लोह उतरतं, फक्त भाजी तिच्यात ठेवून देऊ नका, काळी पडते.

हे सगळं घरातल्या बाईनेच का करायचं?

करायचं नाही. आमच्याकडे नियम एकच: जो आधी घरी पोचेल तो कुकर लावेल. सुरुवातीला नवरा आधी पोचूनही फोन करायचा, "डाळ किती घालू?" त्या फोनात माझी पाच मिनिटं जायची. डब्यात मापाची वाटी आणि फ्रिजवर चिठ्ठी आली, तेव्हा फोन थांबले. स्वयंपाक वाटून घेणं त्यामानाने सोपं. 'काय करायचं' हे डोक्यात वागवणं एकाच्याच वाट्याला येतं. ते कागदावर उतरलं की दुसऱ्यालाही उचलता येतं.

उरलेल्याचं काय करायचं?

भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. बाहेर उबेत राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात, दाणे आणि मटार घालून. वरण उरलं तर त्यात कणीक मळा. तिखट-मीठ-कोथिंबीर घातली की त्याच कणकेचे धपाटे होतात.

आणि पोळ्या मुद्दाम दोन जास्त करा. सकाळी हाताने कुस्करायच्या, मिक्सरमध्ये घालू नका, भुगा होतो. कांदा, कढीपत्ता, दाणे, हिरवी मिरची, हळद, वरून ताकाचा हबका आणि झाकण. मुलांच्या डब्यात मी तेच देते. परवा मुलगा म्हणाला, "आई, आज पोळ्या उरल्या नाहीत? मग उरव ना."